बारा चिठ्ठ्या: संशयाच्या चित्रपटावरील एका कार्यशाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी चालणाऱ्या लहानशा चित्रपट मंडळाचे हे प्रकरण आहे. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत. त्या कार्यशाळेचा संचालक मीच होतो, आणि जे चुकले त्यातला मोठा वाटा माझा आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

मंडळाचे खेळ महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात होतात. सभासद तीस-पस्तीस, त्यांतले बहुतेक एकमेकांना पंधरा-वीस वर्षे ओळखणारे, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवलेले. जुलै महिन्यात दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायचे ठरले आणि विषय निवडला तो जुन्या विज्ञान-भयपटांतील एकटेपणा आणि संशय. शनिवारी जॉन कार्पेंटर यांचा 1982 सालचा 'द थिंग' पूर्ण दाखवायचा, रविवारी डॉन सीगल यांचा 1956 सालचा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' पाहून दोन्हींवर चर्चा करायची, आणि जोडीला रिडली स्कॉट यांच्या 'एलियन'मधील दोन प्रसंग घ्यायचे, असा आराखडा होता.

'द थिंग'ची निवड का केली हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यातूनच घडले. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची मूळ दीर्घकथा 1938 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला परग्रहावरचा जीव ज्याला गिळतो त्याचे हुबेहूब रूप घेतो. 1951 मध्ये हॉवर्ड हॉक्स यांच्या निर्मितीत या कथेवर पहिला चित्रपट निघाला, तेव्हा नेमकी ही रूप घेण्याची कल्पनाच वगळली गेली. तिथे एकच उंच, वनस्पतीसारखा शत्रू आहे, तो बाहेर आहे, आणि उत्तर ध्रुवाकडच्या तळावरील माणसे खांद्याला खांदा लावून त्याला विजेच्या झटक्याने जाळतात. कार्पेंटर आणि पटकथाकार बिल लँकेस्टर यांनी एकतीस वर्षांनी ती वगळलेली कल्पना परत आणली, कथा अंटार्क्टिकावर नेली आणि शत्रू तळाच्या आत, जेवणाच्या टेबलावर बसवला. बारा पुरुष, तोंडावर आलेला हिवाळा, बंद पडलेला संपर्क, आणि बारांपैकी कोण अजून माणूस आहे हे ठरवण्याचे कोणतेच साधन नाही. पहिला चित्रपट धैर्याचा आहे, दुसरा अविश्वासाचा.

अडचण

मंडळाने हा चित्रपट याआधीही एकदा दाखवला होता, आणि तो खेळ फसला होता. चर्चेचा तास चित्रपटातला राक्षस घडवणाऱ्या रॉब बॉटिन यांच्या करामतींवरच संपला. छाती उघडून डॉक्टरांचे हात तोडणारा जबडा, डोक्याला फुटलेले कोळ्याचे पाय, हे सारे संगणकाचा आधार नसताना कसे केले असेल, याविषयी लोक उत्साहाने बोलले. संशयाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. एका ज्येष्ठ सभासदांनी तर निघताना "राक्षस झकास होता" असा शेरा दिला, आणि तो मला बरेच दिवस टोचत राहिला.

माझे मत असे होते, आणि आजही आहे, की या चित्रपटात राक्षस दुय्यम आहे. सुरुवातीलाच हेलिकॉप्टरमधून आलेला नॉर्वेजियन माणूस कुत्र्यावर गोळ्या झाडतो आणि ओरडून धोक्याची सूचना देतो. ती त्याच्या भाषेत असते, अमेरिकन तळावर ती कोणालाही कळत नाही, आणि ते त्यालाच वेडा समजून ठार करतात. कुत्र्याला मात्र आत घेतात. पुढची सगळी शोकांतिका या दीड-दोन मिनिटांत आहे. हे प्रेक्षकाला डोक्याने कळते, पण ते त्याच्या अंगावर येत नाही, कारण तो सुरक्षित खुर्चीत बसलेला असतो आणि त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाविषयी त्याला काडीचीही शंका नसते. ती खुर्ची थोडी हलवायची कशी, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: आधी अर्ध्या तासाचे व्याख्यान देऊन मग चित्रपट दाखवणे. व्याख्यानात 1956 च्या चित्रपटातील सांता मिरा गावचा तो साधा, म्हणूनच भयंकर प्रसंग सांगता आला असता, ज्यात एक बाई म्हणते की अंगणातले काका दिसतात काकांसारखेच, त्यांना आठवतेही सगळे, पण ते आपले काका नव्हेत. 'एलियन'मधला दरवाजाचा प्रसंगही घेता आला असता: नियमाप्रमाणे यानावरची अधिकारी रिप्ली संसर्ग झालेल्या सहकाऱ्याला यानात घ्यायला नकार देते आणि विज्ञान अधिकारी अ‍ॅश दार उघडतो. त्या वेळी ती निर्दय वाटते आणि तो दयाळू वाटतो. खरे उलटे आहे हे कळायला पुढचा तासभर जावा लागतो. या पर्यायात धोका नव्हता, पण लोक वह्यांत टिपणे काढतील आणि पुन्हा राक्षसावरच बोलतील, अशी मला भीती होती.

दुसरा पर्याय मंडळाच्या एका निवृत्त शिक्षिकेने सुचवला. त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचे म्हणणे असे की चित्रपट मध्येच न थांबवता दाखवावा आणि त्यानंतर लगेच चर्चा न करता लोकांना घरी जाऊ द्यावे. रात्रभर मुरल्यावर रविवारी सकाळी बोलायला लावावे.

तिसरा पर्याय माझा. पडद्यासमोर बारा खुर्च्या अर्धवर्तुळात मांडायच्या आणि त्यांवर बारा सभासद बसवायचे, बाकीचे मागे. प्रत्येकाला घडी घातलेली एक चिठ्ठी द्यायची. जाहीर असे करायचे की किमान एका चिठ्ठीवर 'तुम्ही माणूस नाही' असे लिहिले आहे. प्रत्यक्षात बाराही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर ठेवायचा: "तुम्ही माणूस आहात. ही चिठ्ठी कोणालाही दाखवू नका." चित्रपट तीन ठिकाणी थांबवायचा आणि दर थांब्यावर बारांनी कोणावर संशय आहे ते नाव लिहून द्यायचे. शेवटी सर्व चिठ्ठ्या उघडायच्या. प्रेक्षकापासून उत्तर लपवण्याचा हा खेळ दिग्दर्शकानेही खेळलाच आहे. कुत्रा एका खोलीत शिरतो आणि भिंतीवर फक्त एक सावली दिसते. तो माणूस कोण हे ओळखू येऊ नये म्हणून तिथे भूमिकेतल्या नटाऐवजी दुसऱ्याच माणसाची सावली वापरली होती.

बाईंनी हरकत घेतली. "खेळ करायचा तर सगळी अनोळखी माणसं तरी घ्या, नाहीतर सगळी ओळखीची. सरमिसळ नको," असे त्या म्हणाल्या. मला तो शिक्षिकेचा जादा सावधपणा वाटला. बारांपैकी अकरा जुने सभासद होते आणि एक तरुण नवा होता. वऱ्हाडातून बदली होऊन इथल्या एका बँकेत आलेला, मंडळात दोन-तीनदा येऊन शेवटच्या रांगेत बसून गेलेला. त्याला मुद्दाम पुढे बोलावले ते मीच. तो मिसळावा, हा त्यामागचा हेतू होता.

प्रत्यक्षात काय घडले

शनिवारी दुपारपासून पाऊस होता. खिडक्या लावल्या, काळे पडदे ओढले, आणि पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात एन्नियो मॉरिकोने यांच्या संगीताचा तो एकसारखा ठोका अधिकच खाली उतरल्यासारखा वाटत होता. चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाने आपापली चिठ्ठी छातीशी धरून वाचली आणि खिशात घातली. एक-दोघांनी मुद्दाम गूढ चेहरा केला, त्यावर हशा पिकला.

पहिला थांबा तळावरील जीवशास्त्रज्ञ ब्लेअरने रेडिओ फोडल्यानंतर घेतला. संगणकावर त्याने हिशेब पाहिलेला असतो: हा जीव वस्तीपर्यंत पोहोचला तर 27,000 तासांत, म्हणजे साधारण तीन वर्षे आणि एक महिन्यात, जगातली सर्व माणसे बाधित होतील. म्हणून तो हेलिकॉप्टर मोडतो, उरलेली कुत्री मारतो, आणि बाकीचे त्याला वेडा ठरवून बाहेरच्या शेडमध्ये कोंडतात. तळावर सर्वांत अचूक विचार करणारा माणूस सर्वांत आधी कोंडला जातो, हे इथे बोलून दाखवायचे मी ठरवले होते. मतदानात नव्या तरुणाला चार मते पडली. बाकीची विखुरलेली होती आणि त्यांत थट्टाच जास्त होती. एक चिठ्ठी कोरी निघाली.

दुसरा थांबा रक्ताच्या पिशव्यांशी. डॉक्टर कॉपर सुचवतात की प्रत्येकाचे रक्त साठवलेल्या शुद्ध रक्तात मिसळून पाहावे. पण कपाट उघडतात तर पिशव्या फाडलेल्या, आणि कुलूप जसेच्या तसे. किल्ली ज्यांच्या हाती जाऊ शकते ते मोजकेच, म्हणून पहिला घाव तळप्रमुख गॅरी आणि डॉक्टर यांच्यावर पडतो, म्हणजे ज्यांच्यावर विश्वास टाकण्याची सवय होती त्यांच्यावर. या थांब्यावर सभागृहातली थट्टा कमी झाली होती. नव्या तरुणावर संशय का, याची मी कारणे विचारली. कोणी म्हणाले, "ते काही बोलतच नाहीत." कोणी म्हणाले, "मघाशी चहाच्या वेळी ते आमच्यात नव्हते, जिन्यात एकटेच उभे होते." एका काकांनी सांगितले की चिठ्ठी वाचताना त्याचा चेहरा बदललेला त्यांनी पाहिला. त्या चिठ्ठीवर काय होते हे मला माहीत होते. मते सात. पुन्हा एक चिठ्ठी कोरी, ती मी वर धरून दाखवली तेव्हा मागून आवाज आला, "काय लिहायचं ते परग्रहावरच्याला कुठून कळणार!" त्यावर सगळे हसले, मीही हसलो.

तिसरा थांबा नॉरिसची छाती उघडते त्या प्रसंगानंतर, तळावरचा हेलिकॉप्टर वैमानिक मॅकरेडी सगळ्यांना बांधायला लावतो त्याच्या अगदी आधी. या वेळी मते दहा. बोलण्याची संधी द्यायची म्हणून मी तरुणाला उभे केले. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिले, काही म्हणाला नाही आणि बसला. ती शांतता मला फार प्रभावी वाटली, हे मी कबूल करतो. दिवे घालवले आणि चित्रपट पुढे सुरू केला. पाच मिनिटांनी पाहिले तर त्याची खुर्ची रिकामी होती. फोन आला असेल असे समजून मी जागचा हललो नाही. दाराशी ठेवलेल्या छत्र्यांच्या ढिगात त्याची छत्री राहून गेली होती.

त्यामुळे पुढचा जो प्रसंग त्याने पाहायला हवा होता तोच त्याने पाहिला नाही. तळावर कुत्र्यांची देखभाल करणारा क्लार्क नावाचा माणूस आहे. तो कमी बोलतो, माणसांपेक्षा कुत्र्यांत रमतो, आणि तो परका कुत्रा सर्वाधिक वेळ त्याच्याजवळ होता म्हणून सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर आहेत. मॅकरेडी सर्वांना बांधायचा हुकूम देतो तेव्हा क्लार्क चाकू घेऊन धावतो आणि मॅकरेडी त्याला गोळी घालतो. मग बाधिताचे रक्त उसळी मारेल या तर्काने तापवलेली तार एकेकाच्या रक्तात बुडवली जाते: आधी रेडिओचालक विंडोज, मग मॅकरेडी स्वतः, मग मेलेले डॉक्टर आणि क्लार्क. क्लार्क माणूस निघतो. आणि तळावरचा सहकारी चाइल्ड्स बांधलेल्या अवस्थेतच मॅकरेडीला सुनावतो की मग तू खुनी ठरलास.

चित्रपट संपल्यावर मी ठरल्याप्रमाणे चिठ्ठ्या उघडायला सांगितल्या. अकरा जणांनी आपापली चिठ्ठी मोठ्याने वाचली. सहाव्या-सातव्या चिठ्ठीपर्यंत हसू होते, नंतर ते विरले. बाराव्या खुर्चीवर कोणी नव्हते. बाईंनी विचारले, "आणि त्याची?" मी म्हणालो, "तीच." चर्चेसाठी राखलेल्या तासात कोणी फारसे बोलले नाही.

निष्पत्ती

रविवारी तो आला नाही. बाई आणि मी संध्याकाळी त्याची छत्री घेऊन त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. त्याने चहा केला, कपाला कान नव्हता म्हणून तो स्वतःकडे घेतला आणि चांगले दोन कप आम्हाला दिले. मी माफी मागितली. तो संकोचला आणि म्हणाला, "सर, मी तं काही केलंच नव्हतं. मग सांगू काय?" खेळ होता हे त्याला कळत होते, रागही नव्हता, फक्त तिसऱ्या वेळी उभे केल्यावर बँकेतला पहिला दिवस आठवला, एवढे तो म्हणाला. त्याबद्दल आम्ही अधिक विचारले नाही.

मंडळाच्या दृष्टीने पाहिले तर रविवारची चर्चा आजवरच्या चर्चांपैकी सर्वांत चांगली झाली, हे नमूद करावेच लागेल, जरी ते लिहिताना बरे वाटत नाही. राक्षसाचे नावही निघाले नाही. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या एका ताईंनी एक मुद्दा मांडला जो मी इतक्या वेळा पाहूनही माझ्या लक्षात आला नव्हता. त्या म्हणाल्या की मॅकरेडीची चाचणी तळावरच्या पामरच्या रक्ताने उसळी मारेपर्यंत चाचणीच नव्हती. चार जणांचे रक्त शांत राहिले यावरून ते माणूस आहेत हे सिद्ध होत नव्हते, चाचणी बिनकामाची आहे असाही त्याचा अर्थ निघत होता. प्रयोगशाळेत ज्याचा निकाल आधीच पक्का माहीत आहे असा एक बाधित नमुना सोबत चालवतात, तो इथे नव्हता. गॅरी नेमके हेच म्हणतो, यातून काही सिद्ध होत नाही, आणि पुढच्याच क्षणी पामर उघडा पडतो. म्हणजे क्लार्क निर्दोष आहे हे खऱ्या अर्थाने कळते ते दुसरा कोणी दोषी सापडल्यावर. "आपल्या खेळात तर दोषी कोणी ठेवलाच नव्हता, मग हा सुटणार कसा होता?" असा त्यांचा प्रश्न होता.

1956 च्या चित्रपटावर त्यामानाने थोडे बोलणे झाले. नायकाला महामार्गावर गाड्यांपुढे ओरडत सोडून देणारा मूळचा शेवट स्टुडिओला मानवला नाही, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी इस्पितळाची जोड दिली गेली आणि अखेर अधिकाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास बसतो. कोणीतरी ऐकून घेईल एवढी सोय प्रेक्षकाला लागते, असे एकाने म्हटले, आणि नंतर तोच गप्प झाला.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

बाईंची हरकत मी बाजूला सारली तो पहिला टप्पा. त्या 'सरमिसळ नको' म्हणाल्या त्याचा अर्थ मला उशिरा कळला. अनोळखी माणसांत संशय कुठेही जाऊ शकतो. घट्ट ओळखीच्या माणसांत तो थट्टेत विरतो. पण अकरा ओळखीचे आणि एक नवा असे असले की संशयाला जायला एकच उतार उरतो. कार्पेंटरच्या तळावर बाराही जणांमध्ये असे कोणी ठळकपणे बाहेरचे नाही, म्हणून तिथला संशय फिरत राहतो. एकदा तर तो मॅकरेडीवर येतो आणि त्याला बर्फात सोडून दार लावून घेतात. माझ्या रचनेत तो फिरण्याची सोयच नव्हती.

दुसरा टप्पा दुसऱ्या मतदानाचा. चारावरून सात हा आकडा पाहून मी थांबायला हवे होते. त्या क्षणी चिठ्ठ्या उघडल्या असत्या तर मुद्दा तितकाच पोहोचला असता आणि तरुण सभागृहात राहिला असता. पण मला दहा हवे होते. आकडा वाढतो आहे याचा मला आनंद झाला होता, आणि तो आनंद शिक्षकाचा नव्हता, तमाशा जमत असल्याचा होता.

तिसरा टप्पा रिकाम्या खुर्चीचा. प्रोजेक्टर थांबवून जिन्यापर्यंत जायला एक मिनिट लागले असते.

खेळ पूर्णपणे रद्द करावा का, यावर मंडळात अजून एकमत नाही. बाई रद्द करावा म्हणतात. प्रयोगशाळेतल्या ताई म्हणतात की करावा, पण एका चिठ्ठीवर खरोखर वेगळा मजकूर असावा आणि ती संचालकाच्या खिशात असावी. मला ताईंचे पटते, तरी पुढच्या वेळी पहिले पाऊल त्याहून साधे असेल.

त्याचे कारण चिठ्ठ्यांतच सापडले. दोन महिन्यांनी या प्रकरणाचे टिपण करायला बसलो तेव्हा मतदानाच्या छत्तीसही चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या. त्याच्याविरुद्धच्या एकवीस मतांपैकी एकावरही त्याचे नाव नव्हते. 'बँकवाले', 'नवीन मुलगा', 'निळा शर्ट', 'कोपऱ्यातले', असे लिहिले होते. सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून त्या दिवशी मी ओळखीची फेरी घेतलीच नव्हती. तिन्ही कोऱ्या चिठ्ठ्या त्याच्याच होत्या. दिवाळीनंतर तो एका दुपारी वाचनालयात आला आणि राहिलेला अर्धा तास आम्ही दोघांनी लॅपटॉपवर पाहिला, तेव्हा मी त्याला त्या कोऱ्या चिठ्ठ्यांविषयी विचारले. मला वाटले होते की त्याने कोणावर आरोप करायला नकार दिला असेल. तो हसला आणि म्हणाला, "नाही सर. मला कोणाचं नावच माहीत नव्हतं."